साधी, छोटी इलेक्ट्रिक पिकअप: निवडीपासून जोडण्यांपर्यंत

अमेरिकेतील स्लेट ऑटो या नव्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये एक छोटी इलेक्ट्रिक पिकअप लोकांसमोर मांडली. तिला रेडिओ नव्हता, टचस्क्रीन नव्हती, काचा हाताने फिरवून खाली करायच्या होत्या आणि रंग एकच होता, करडा, तोही न रंगवलेल्या प्लास्टिकच्या पॅनेलचा. बाकी जे काही हवे असेल ते, म्हणजे रंगीत फिल्म, टपावरचे कॅरिअर, स्पीकर, इतकेच नव्हे तर मागची आसने आणि त्यांवरचे छप्परसुद्धा, ग्राहकाने नंतर स्वतः जोडायचे, अशी कल्पना होती. नोंदणीसाठी परत मिळू शकणारे पन्नास डॉलर भरायचे होते आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार काही आठवड्यांतच अशा नोंदण्या एक लाखाच्या पुढे गेल्या. ज्या काळात पिकअप गाड्या दरवर्षी लांब, उंच आणि महाग होत चालल्या आहेत, त्या काळात इतक्या लोकांना ही उघडीबोडकी गाडी का हवीशी वाटली, हे समजून घेतले तर अशी गाडी निवडणेही सोपे जाते.

माझ्या मते तिचे खरे आकर्षण निर्णय पुढे ढकलण्याच्या मोकळिकीत आहे, आणि स्वस्ताईचा क्रमांक त्यानंतर लागतो. आपल्याला नेमके काय लागणार आहे हे खरेदीच्या दिवशी फारसे कुणालाच ठाऊक नसते. सहा महिने गाडी वापरल्यावर ते कळते. मात्र ही मोकळीक फुकट मिळत नाही. गाडीवर चढवलेली प्रत्येक वस्तू आपली किंमत पैशांखेरीज किलोंमध्ये आणि किलोमीटरांमध्येही वसूल करते. पुढील सर्व पायऱ्या हा हिशेब मनात ठेवूनच लिहिलेल्या आहेत.

साधेपणा कुठे आहे, हे आधी पाहावे

कोणत्याही गाडीला ‘साधी’ म्हणण्याआधी तिच्यात काय गाळले आहे आणि ते कुणाच्या सोयीसाठी गाळले आहे, हे तपासावे. काही वेळा कपात कारखान्याच्या फायद्याची असते आणि ग्राहकालाही लाभते. वाहनांच्या कारखान्यात रंगकामाचा विभाग अत्यंत खर्चिक असतो आणि वीजही भरपूर खातो; पॅनेल मुळातच रंगीत प्लास्टिकचे असतील तर तो विभाग लागतच नाही, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ओरखडा पडला तरी खालून पत्रा उघडा पडून गंज धरण्याची भीती राहत नाही. ही युक्ती नवी नाही. सित्रोएन कंपनीची १९६८ मधील मेहारी ही छोटी गाडी अशाच, रंग आतपर्यंत मुरलेल्या एबीएस प्लास्टिकच्या अंगाची होती.

टचस्क्रीन नसण्याचा फायदा काही वर्षांनी कळतो. गाडीचा सांगाडा पंधरा-वीस वर्षे टिकतो, पण तिच्यातील पडदा, त्यामागचा संगणक आणि मोबाइल जोडणी तेवढी टिकत नाहीत. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी जाळी बंद झाली तेव्हा अनेक चांगल्या चालत्या गाड्यांच्या जोडणीवर अवलंबून असलेल्या सोयी एकाएकी निकामी झाल्या. फोन अडकवायला एक मजबूत पकड आणि त्याला वीज देणारे टोक एवढेच गाडीत असेल, तर दर काही वर्षांनी नवा फोन घेतला की गाडीही तेवढ्यापुरती नवी होते. अर्थात, पडदा अजिबात नसतो असेही नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा बंधनकारक आहे, त्यामुळे वेगमापकाच्या जागी का होईना, एक छोटा पडदा ठेवावाच लागतो.

परंतु काही गोष्टी गाळलेल्या दिसल्या तर सावध व्हावे. एअरबॅग, चाके लॉक होऊ न देणारे ब्रेक, घसरण रोखणारी यंत्रणा आणि आपोआप लागणारे आपत्कालीन ब्रेक यांची बरोबरी हाताने फिरवायच्या काचांशी होऊ शकत नाही. या गोष्टी नंतर बाजारातून आणून बसवता येत नाहीत, म्हणून त्या मूळ गाडीतच असायला हव्यात. वातानुकूलनाचेही तसेच आहे. नंतर जोडता येते ते नसले तरी चालेल, नंतर जोडता येत नाही ते पहिल्या दिवसापासून हवे, हा भेद पाळला की दोन गाड्यांची तुलना बरीच सरळ होते.

कामाची यादी करावी आणि मगच आकार ठरवावा

दोन आठवडे एक वही जवळ ठेवून रोजच्या फेऱ्या लिहाव्यात: किती किलोमीटर, किती माणसे, कोणते सामान, आणि त्या सामानाची सर्वांत लांब वस्तू किती लांब. ही शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत आणि पुढे हौद्याच्या लांबीवरून पस्तावतात. स्लेटचा किंवा टेलो या कॅलिफोर्नियातील कंपनीच्या गाडीचा हौदा साधारण पाच फूट, म्हणजे दीड मीटर लांब आहे. मोटारसायकल, शिडी किंवा आठ फुटी प्लायवुड न्यायचे असेल तर फाळका उघडा ठेवून किंवा केबिनची मागची भिंत उघडून पुढे जागा मिळते का, हे पाहावे लागते. टेलोच्या रचनेत तशी भिंत उघडण्याची सोय दाखवलेली आहे.

बाहेरून छोटी म्हणजे आतून छोटी, असे समजण्याचे कारण नाही. जपानमधील ‘केई’ या सर्वांत छोट्या वर्गातले ट्रक नियमानेच ३.४ मीटर लांबी आणि १.४८ मीटर रुंदीच्या आत बसवलेले असतात, तरी चालकाची जागा पुढच्या चाकांवर आल्यामुळे त्यांचा हौदा जवळजवळ १.९ मीटर भरतो. इंजिन नसलेल्या गाडीला नाकाची गरज आणखी कमी असते. टेलोची गाडी सुमारे ३.८६ मीटरच्या लांबीत पाच आसने आणि दीड मीटरचा हौदा बसवते, तर स्लेटची गाडी सुमारे ४.४३ मीटर लांब आहे. चार दारांच्या केबिनची फोर्ड एफ-१५० पिकअप ५.९ मीटरच्या आसपास जाते आणि तिचाही हौदा अनेकदा साडेपाच फुटांचाच असतो. अरुंद गल्ली आणि गर्दीचे वाहनतळ यांत हा दीड मीटरचा फरक रोज जाणवतो.

भारक्षमतेचा हिशेब मांडावा

नवख्या खरेदीदाराने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो येथे. गाडीचे कमाल अनुमत एकूण वजन आणि तिचे रिकामे वजन यांतील फरक म्हणजे भारक्षमता, आणि त्या आकड्यात चालक, सोबती, त्यांच्या पिशव्या व नंतर बसवलेली प्रत्येक अॅक्सेसरी, असे सगळे मोजावे लागते. जाहिरातीत हा आकडा हौद्यातील मालाचा वाटतो. प्रत्यक्षात तो संपूर्ण गाडीचा असतो.

स्लेटने जाहीर केलेली भारक्षमता १,४३३ पौंड, म्हणजे अंदाजे ६५० किलो आहे. समजा, गाडीत दोन माणसे बसली आणि त्यांचे मिळून १५० किलो झाले. टपावरच्या कॅरिअरचे ३०, हौद्यावरच्या कडक झाकणाचे ३५ आणि अवजारांनी भरलेल्या लोखंडी पेटीचे ९० किलो धरले, तर माल चढवण्याआधीच ३०५ किलो खर्ची पडले आणि हातात ३४५ उरले. त्यातील पेटी महिन्यातून दोनदाच लागत असेल तर ती कायमची बोल्टने आवळून ठेवण्यात अर्थ नाही. पट्ट्यांनी बांधून चढवता-उतरवता येईल अशी घ्यावी.

डोळ्यांना वजन दिसत नाही, घनफळ दिसते, आणि घोटाळा तेथेच होतो. दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल हौदा ओल्या वाळूने काठोकाठ भरला तर ती वाळू दीड टनाच्या पुढे जाईल. दोन माणसे बसलेल्या, अन्य काहीही न जोडलेल्या ६५० किलो क्षमतेच्या गाडीत ओल्या वाळूचा जेमतेम १४ सेंटिमीटरचा थर बसतो. हौद्याच्या आतल्या बाजूला वाळू, माती आणि खडी यांच्यासाठी तीन खुणा करून ठेवाव्यात. दिसायला हे बालिश वाटते, पण मजूर फावड्याने माल भरत असताना तेवढी एक खूण सगळ्या आकडेमोडीचे काम करते.

वजन कुठे ठेवले जाते हेही पाहावे. जड वस्तू मागच्या आसाच्या पुढे, केबिनला टेकून आणि शक्य तितक्या खाली ठेवाव्यात. फाळक्याकडे वजन गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागते. माल भरल्यावर टायरमधील हवा किती हवी, हे दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. मागे ट्रेलर ओढायचा असेल तर त्याची मर्यादा स्वतंत्रपणे पाहावी, कारण छोट्या गाड्यांत ती फारच कमी असते. स्लेटची मर्यादा १,००० पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो आहे. घोडे नेण्याचा बंदिस्त ट्रेलर किंवा मोठी होडी ओढण्याचा विचार असेल तर ही जातच आपल्यासाठी नाही.

बॅटरी आणि पल्ला

स्लेटच्या मूळ गाडीत ५२.७ किलोवॉट-अवरची बॅटरी असून तिचा अपेक्षित पल्ला १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर सांगितलेला आहे; मोठी बॅटरी ८४.३ किलोवॉट-अवरची आणि पल्ला २४० मैल, म्हणजे ३८५ किलोमीटरच्या आसपास. किलोवॉट-अवर म्हणजे विजेच्या बिलावरचे एक युनिट, त्यामुळे दोन्ही बाबतींत हिशेब शंभर किलोमीटरला २२ युनिटांवर येतो. हे आकडे रिकाम्या गाडीचे आणि अनुकूल परिस्थितीचे मानावेत.

प्रत्यक्षात चार गोष्टी पल्ला खातात: वेग, थंडी, भार आणि टपावर बांधलेले सामान. त्यांतील वेग सर्वांत खादाड. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. टपावरचा तंबू किंवा आडवी शिडी हाच अडथळा आणखी वाढवते, आणि शहरात ज्या कॅरिअरचा परिणाम जाणवतही नाही तेच कॅरिअर महामार्गावर महाग पडते. उलट हौद्यातील वजन सपाट रस्त्यावर वाटते तितके नडत नाही, कारण ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी काम करते आणि काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. चढावर आणि सतत थांबत-निघत जाण्यात मात्र त्याचा भार पडतोच.

शिवाय रोज शंभर टक्के ते शून्य असा वापर कोणीच करत नाही. दहा ते ऐंशी टक्क्यांमध्ये राहायचे ठरवले तर २४० किलोमीटरचे १६८ होतात, आणि त्यातून महामार्ग, थंडी व भार यांचे तीस टक्के वजा केले तर सुमारे ११८ उरतात. म्हणून मी जाहीर पल्ल्याचा निम्मा आकडा हाच ‘कुठल्याही दिवशी खात्रीचा’ समजतो. वहीतील सर्वांत लांब नित्याची फेरी या निम्म्यात बसत असेल तर मोठ्या बॅटरीचा मोह टाळावा. मोठी बॅटरी स्वतःही जड असते आणि वर्षातून दोनदा करायच्या प्रवासासाठी ते वजन उरलेले सगळे दिवस वाहून न्यावे लागते.

बॅटरीचा रासायनिक प्रकारही विचारून घ्यावा. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार त्याच क्षमतेला अधिक जड, पण स्वस्त आणि वारंवार पूर्ण चार्ज करणे सोसणारा असतो. निकेलयुक्त प्रकार हलका असतो, मात्र त्याला रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरणे मानवते.

चार्जिंग कुठे करणार, हे खरेदीआधी ठरलेले असावे. रोज साठ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला साधारण १३ युनिटे लागतात. तीन किलोवॉटच्या साध्या जोडणीवर ती पाच तासांत भरतात, म्हणजे रात्र पुरेशी होते. त्यासाठी घरच्या वायरिंगची जाडी, अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावेत. लांबणीच्या वायरवर तासन्‌तास गाडी लावून ठेवू नये. जिथे रात्रीची स्वतःची जागाच नाही, तिथे ही गाडी घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

जोडण्या: काय आधी, काय कधीच नाही

गाडी आली की पहिले काही महिने तिच्यावर शक्यतो काहीच चढवू नये. रबराची चटई, सामान बांधायचे पट्टे आणि फोनची पकड एवढे पुरते. त्यानंतर वहीत ज्या अडचणी पुन्हापुन्हा दिसतील, त्यांच्यासाठीच खरेदी करावी. साध्या गाडीची मूळ किंमत आणि हौसेने भरलेल्या अॅक्सेसरीजच्या टोपलीची बेरीज सजवलेल्या तयार गाडीच्या वर कधी जाते, ते कळतही नाही.

जोडणीची पद्धत निवडताना तयार भोके, खाचा आणि बोल्टच्या जागा वापराव्यात. या गाड्यांची बॅटरी बहुधा जमिनीखाली, दोन आसांच्या मध्ये असते. म्हणून खालून काय जाते याची खात्री असल्याशिवाय केबिनच्या किंवा हौद्याच्या तळाला ड्रिल लावू नये. गाडीखाली जाड नारिंगी रंगाच्या केबल दिसतात. तो रंग उच्च दाबाच्या, शेकडो व्होल्टच्या वाहिन्यांची खूण आहे. तिथे घरच्या घरी काहीही उघडायचे नसते, हलवायचे नसते आणि त्यांना टेकून काही बांधायचेही नसते. जॅक लावतानाही पुस्तिकेत दाखवलेल्या चार जागाच वापराव्यात, नाहीतर बॅटरीच्या पेटीला पोचा बसतो.

दिवे, स्पीकर किंवा छोटा फ्रिज यांना वीज द्यायची ती बारा व्होल्टच्या वेगळ्या, छोट्या बॅटरीच्या बाजूने. प्रत्येक जोडणीला स्वतःचा फ्यूज असावा आणि तो बॅटरीच्या जवळ असावा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर असुरक्षितच राहते. कामाच्या ठिकाणी ड्रिल किंवा कटर चालवायचे असतील तर गाडीतून घरगुती दाबाची वीज बाहेर देण्याची सोय आहे का, हे खरेदीआधी विचारावे. ही सोय नंतर जोडणे अवघड असते.

रंगीत फिल्म लावणे हे नवख्यांना जमण्याजोगे काम आहे, मात्र सुरुवात दाराच्या किंवा फाळक्याच्या सपाट भागापासून करावी. पृष्ठभाग साबणाने धुऊन, वाळवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. फिल्म मध्यापासून कडांकडे दाबत न्यावी. वळणावर तिला ड्रायरची मंद ऊब द्यावी आणि जोर लावून ताणू नये, कारण ताणलेली फिल्म उन्हात आक्रसते आणि कडेपासून सुटते. पॉलिप्रॉपिलिनसारख्या प्लास्टिकवर गोंद आणि रंग सहजी धरत नाहीत, म्हणून त्या पॅनेलसाठीच बनवलेली फिल्म घ्यावी आणि स्प्रेचा डबा दूरच ठेवावा.

आसने आणि छप्पर यांच्याबाबत वेगळा विचार करावा लागतो. दोन आसनांच्या पिकअपला पाच आसनी करणारा संच कंपनीचा असेल तर त्यात आघात सोसणारी चौकट, पट्टे आणि एअरबॅग यांचा विचार केलेला असतो. स्लेटने असाच संच दाखवला आहे. वेल्डिंगच्या दुकानातून मागे बाक बसवून घेणे धोक्याचे आहे. आसनाच्या बाजूला एअरबॅग असेल तर साधे कव्हरसुद्धा तिचा मार्ग अडवू शकते. आसनसंख्या बदलली की नोंदणी आणि विमा या दोन्ही ठिकाणी ते कळवावे. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नेमका पुढे येतो.

नव्या कंपनीवर किती भरवसा ठेवावा

या जातीच्या अनेक गाड्या नव्या कंपन्यांच्या आहेत आणि हे क्षेत्र निर्दय आहे. पिकअप बनवू पाहणाऱ्या लॉर्ड्सटाऊन मोटर्सने जून २०२३ मध्ये, फिस्करने जून २०२४ मध्ये आणि कॅनूने जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. म्हणून नोंदणीची रक्कम परत मिळणारी आहे ना, हे लेखी पाहावे आणि गाडी प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत जुनी विकू नये. साधेपणा येथे पुन्हा कामी येतो: चाके, ब्रेक, सस्पेन्शन आणि दिवे हे भाग सर्वसामान्य मापाचे असतील तर कंपनी बुडाली तरी गाडी चालत राहण्याची शक्यता वाढते. बॅटरीचे नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर मात्र कंपनीचेच असते, तेव्हा ते इंटरनेटशिवाय चालते का, हा प्रश्न जरूर विचारावा.

सरकारी अनुदान गृहीत धरून अंदाजपत्रक आखू नये. स्लेटने सुरुवातीला वीस हजार डॉलरच्या आतली म्हणून सांगितलेली किंमत साडेसात हजार डॉलरची संघीय करसवलत वजा करून काढलेली होती, आणि ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली.

ताब्यात घेताना

गाडी दिवसाउजेडी घ्यावी. पॅनेलमधील फटी एकसारख्या आहेत का, काचा शेवटपर्यंत अडखळल्याशिवाय फिरतात का, फाळका एका हाताने बंद होतो का, हे पाहावे. तिथेच चार्जरला जोडून दहा मिनिटे चार्ज होऊ द्यावी, कारण जोडणीतील दोष घरी पोचल्यावर कळणे फार त्रासाचे असते. मग जवळच्या वजनकाट्यावर ती रिकामी, चालकाशिवाय तोलावी आणि आलेला आकडा कमाल अनुमत वजनासह चालकाच्या सन-व्हायझरच्या मागे चिकटवून ठेवावा. पुढे एखादी नवी वस्तू बसवली की तिचे वजन त्याच चिठ्ठीवर त्याखाली लिहीत जावे.